कारपेंटरांचा संसार आणि ‘लाइफ’चा करार

अंतराळ स्पर्धेच्या काळात अमेरिकेतल्या मोजक्या घरांमध्ये एक अजब व्यवस्था चालू होती. नवरा अंतराळवीर असायचा. त्याच्या कामाची बातमी सगळ्या जगाला मिळायची. पण घरातली गोष्ट, म्हणजे बायकोला झोप लागली का, मुलांनी काय विचारलं, निघताना दोघं काय बोलले, हे सगळं एका साप्ताहिकाला विकलेलं असायचं. आणि ते चोरूनमारून नव्हे, तर वकील लावून, रीतसर करार करून, सरकारच्या संमतीने.

त्यांतल्या एका घरातली बायको पुढे स्वतःच पत्रकार झाली. तिचं नाव रीन कारपेंटर. नवरा स्कॉट कारपेंटर, पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारा दुसरा अमेरिकन. अंतराळवीर आणि पत्रकार यांचं हे लग्न नीट समजून घ्यायचं तर आधी तो करार समजून घ्यावा लागतो. रीनच्या हातात लेखणी आली ती त्या कराराच्या निमित्ताने.

पाच लाख डॉलर कशाचे?

९ एप्रिल १९५९ रोजी वॉशिंग्टनमधल्या डॉली मॅडिसन हाउसमध्ये नासाने आपले पहिले सात अंतराळवीर पत्रकारांपुढे बसवले. स्कॉट कारपेंटर, गॉर्डन कूपर, जॉन ग्लेन, गस ग्रिसम, वॉली शिरा, अ‍ॅलन शेपर्ड आणि डीक स्लेटन. सातही जण लष्करी वैमानिक, नवी विमानं उडवून तपासणारे. प्रश्न यंत्रांबद्दल येतील अशी त्यांची समजूत होती. पण सुरुवातीलाच कोणीतरी विचारलं, बायकोचं आणि मुलांचं याबद्दल काय म्हणणं आहे? बाकीचे एकदोन वाक्यांत आटोपत होते. ग्लेन मात्र मोकळेपणाने बोलले. घरून भक्कम पाठिंबा असल्याशिवाय आमच्यापैकी कोणालाच हे जमणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा सूर होता. खोलीतल्या पत्रकारांनी काय ओळखायचं ते ओळखलं. रॉकेटची बातमी एक दिवस टिकते, घराची बातमी वर्षभर पुरते.

दुसऱ्या दिवसापासून सात घरांचे फोन वाजायला लागले. वार्ताहर दारात उभे. मुलांना शाळेच्या वाटेवर प्रश्न. हे आवरायचं कसं, हा प्रश्न नासापुढेही होता आणि त्या कुटुंबांपुढेही. त्यावर तोडगा निघाला तो असा. लिओ डिऑर्सी नावाच्या वॉशिंग्टनमधल्या वकिलाने एकही पैसा न घेता सातही जणांच्या वतीने बोलणी केली आणि ऑगस्ट १९५९ मध्ये ‘लाइफ’ या साप्ताहिकाशी करार झाला. रक्कम पाच लाख डॉलर.

तेव्हा डॉलरचा भाव होता पावणेपाच रुपयांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने जवळजवळ चोवीस लाख रुपये. सात घरं आणि तीन वर्षं असे भाग पाडले तर प्रत्येक घराला वर्षाला साधारण चोवीस हजार डॉलर. लष्करातल्या पगाराच्या दुपटीहून ही रक्कम जास्त होती. वाटणी सारखीच राहणार होती, मग कोणाचं उड्डाण आधी होवो, कोणाचं नंतर, किंवा कोणी परत न येवो. शेवटची शक्यता गृहीत धरूनच हे ठरलं होतं. अशा कामाला विमा मिळणं अवघड होतं, आणि मागे राहणाऱ्या बायकामुलांची सोय हा या पैशाचा एक स्पष्ट हेतू होता. कराराला नावं ठेवणाऱ्यांना ही बाजू सहसा आठवत नाही.

आता विकलं काय होतं? उड्डाणाची तांत्रिक माहिती नव्हे. ती सरकारी माहिती होती आणि पत्रकार परिषदेत सगळ्यांना सारखीच मिळायची. विकल्या होत्या त्या ‘वैयक्तिक कथा’, अंतराळवीरांच्या आणि त्यांच्या बायकांच्याही. ‘लाइफ’चा वार्ताहर आणि छायाचित्रकार घरात येणार, जेवणाच्या टेबलावर बसणार, मुलांबरोबर खेळणार. बाकीचे वार्ताहर बाहेर हिरवळीवर उभे राहणार. मजकूर छापण्याआधी अंतराळवीर, त्यांच्या बायका आणि नासा तो पाहणार. छापून येताना तो ‘मी’ या रूपात येणार आणि खाली अंतराळवीराचं किंवा त्याच्या बायकोचं नाव असणार. लिहिणारा मात्र बहुतेक वेळा ‘लाइफ’च्या पगारावरचा लेखक.

सगळी गुंतागुंत या शेवटच्या कलमात आहे. वाचकाला वाटायचं की बाई स्वतः बोलते आहे. प्रत्यक्षात बाईंनी काहीतरी सांगितलेलं असायचं, लेखकाने ते गुळगुळीत केलेलं असायचं आणि अधिकाऱ्याने तपासलेलं असायचं. खोटं त्यात फारसं नसेलही. पण तीन चाळण्यांतून गेल्यावर राग, कंटाळा, नवऱ्यावरची चीड, पैशाची ओढाताण यातलं काही उरत नसे.

१४ सप्टेंबर १९५९ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर सात पुरुष होते, पुढच्या आठवड्यात, २१ सप्टेंबरला, सात बायका. ‘लाइफ’चा खप तेव्हा साठ लाखांच्या पुढे होता. एकेक अंक घरात चार-पाच जण वाचत. म्हणजे रातोरात त्या सात जणींचे चेहरे अख्ख्या देशाच्या ओळखीचे झाले.

मुखपृष्ठावर न आलेलं

या चाळण्यांत काय अडकायचं, याचं उदाहरण ट्रुडी कूपर. गॉर्डन कूपर यांची बायको. सातही जणींत विमान चालवता येणारी ती एकटी. अंतराळवीरांची निवड चालू होती तेव्हा हे दोघं वेगळे राहत होते. घर मोडलेला माणूस निवडला जाणार नाही हे कूपर यांना कळत होतं, म्हणून त्यांनी तिला परत बोलावलं आणि ती आली. ‘लाइफ’च्या पानांवर मात्र कूपर कुटुंब इतरांसारखंच सुखी दिसतं. ट्रुडीने हे का मान्य केलं असेल, याचा विचार मला त्या छायाचित्रांपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. उड्डाणाची संधी तिला स्वतःला तर मिळणारच नव्हती, कारण नासाने तेव्हा स्त्रियांना दारच उघडलं नव्हतं.

दुसरं उदाहरण अ‍ॅनी ग्लेन यांचं. त्या लहानपणापासून तोतऱ्या बोलत. शब्द इतका अडायचा की दुकानात वस्तू मागणंही कठीण. २७ जानेवारी १९६२ ला ग्लेन यांचं उड्डाण ऐनवेळी रद्द झालं तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना अ‍ॅनींच्या घरी जाऊन, टीव्हीचे कॅमेरे बरोबर नेऊन, त्यांचं सांत्वन करायचं होतं. अ‍ॅनींनी नाही म्हटलं. नासाच्या वरिष्ठांनी ग्लेन यांच्यावर दबाव आणला, बायकोला समजवा म्हणून. तासन्‌तास यानात पाठीवर पडून नुकतेच बाहेर आलेले ग्लेन फोनवर बायकोच्या बाजूने ठाम उभे राहिले. त्या वेळी अ‍ॅनींच्या घरात ‘लाइफ’चे लाउडन वेनराइट बसलेले होते. कराराची ही दुसरी बाजूही खरी आहे. दारावरच्या गर्दीपासून वाचायला त्या बायकांच्या हाती जे थोडं होतं, त्यात एक ‘लाइफ’ होतं. एक माणूस आत घेतला की बाकी शंभर जणांना बाहेर ठेवायला कारण मिळायचं.

बाहेर उभ्या असलेल्यांना हे अर्थातच खटकत होतं. उड्डाणं जनतेच्या पैशातून होतात, मग अंतराळवीराच्या अनुभवावर एका खासगी साप्ताहिकाचा मालकी हक्क कसा? प्रश्न बिनतोड होता. जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर हा करार बंद करण्याच्या विचारात होते. १९६२ च्या उन्हाळ्यात ग्लेन यांनी त्यांची भेट घेऊन बाजू मांडली आणि करार टिकला. पुढच्या वर्षी नवा करार झाला तेव्हा अंतराळवीर सोळा झाले होते आणि ‘लाइफ’च्या जोडीला फील्ड एंटरप्रायझेस ही प्रकाशन संस्था आली. माणशी रक्कम सोळा हजार डॉलरच्या घरात उतरली, पण विम्याची सोय वाढली.

याच वेळी सोव्हिएत संघात चित्र पूर्ण उलटं होतं. तिथे विकण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सगळं सरकारचंच. उड्डाण यशस्वी होतंय असं दिसेपर्यंत बातमी बाहेर पडत नसे. १२ एप्रिल १९६१ ला युरी गागारिन यांचं नाव जगाला कळलं तेव्हा ते आधीच कक्षेत होते. त्या दिवशी पहाटे एका वार्ताहराने नासाच्या प्रवक्त्याला, शॉर्टी पॉवर्स यांना, झोपेतून उठवून प्रतिक्रिया विचारली. आम्ही इथे सगळे झोपलोय, असं ते वैतागून म्हणाले आणि अमेरिका झोपली आहे असा मथळा झाला. अंतराळवीराचं लग्न मॉस्कोतही प्रचाराच्या कामी आलंच. ३ नोव्हेंबर १९६३ ला व्हॅलेंटिना तेरेश्कोवा आणि आंद्रियान निकोलायेव या दोन अंतराळवीरांचा विवाह झाला, तेव्हा समारंभाला खुद्द सोव्हिएत नेते निकिता ख्रुश्चेव हजर होते. दोन्ही देशांना आपला अंतराळवीर संसारी दाखवायचा होता. एकीकडे ते काम बाजार करत होता, दुसरीकडे पक्ष.

रीन

गागारिन उडाले तो १२ एप्रिल हा रीनचा वाढदिवस. १९२८ साली आयोवा राज्यातल्या क्लिंटन या गावी तिचा जन्म झाला, वाढली कोलोरॅडोतल्या बोल्डरमध्ये. तिथल्या एका चित्रपटगृहात ती प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करायची. स्कॉट कारपेंटर मूळचे बोल्डरचेच. १९४८ च्या सप्टेंबरमध्ये दोघांचं लग्न झालं. मग नौदलाच्या वैमानिकाचा फिरता संसार, दर थोड्या वर्षांनी नवं गाव. पाच मुलं झाली, त्यातला एक मुलगा तान्हा असतानाच गेला.

रीन भरपूर वाचणारी, राजकारणावर मतं असणारी आणि चटकन उत्तर देणारी होती. अंतराळवीराच्या बायकोने छापील तीन शब्द बोलायचे असत: अभिमान वाटतो, आनंद झाला, भारावून गेलेय. माइक समोर आला की हेच. या प्रकाराची नक्कल रीन इतर बायकांसमोर करून दाखवायची. ती दोन्ही भूमिका वठवायची, हिरवळीवर उभी राहून गोडगोड प्रश्न विचारणारी टीव्हीवरची बाई आणि तिला घोटलेली उत्तरं देणारी आदर्श पत्नी. त्या आदर्श पत्नीला तिने ‘प्रिमली स्टेबल’ असं नावही दिलं होतं. नवऱ्याचं नाव ‘स्क्वेअरली स्टेबल’. बैठकीत हसून हसून सगळ्यांची पुरेवाट व्हायची. मला यात विनोदापेक्षा निरीक्षण मोठं वाटतं. मुलाखत घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची मिळून एक ठरलेली भाषा तयार होते आणि तिच्यात खरं काही सांगता येत नाही, हे तिने अचूक पकडलं होतं. आपल्याकडेही जवानाच्या, खेळाडूच्या घरी माइक नेऊन ‘काय वाटतंय?’ विचारलं जातं आणि उत्तर काय येणार हे विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. रीनला ते १९६० च्या आसपास दिसलं, आणि तेही माइकच्या पलीकडच्या बाजूला बसून.

२० फेब्रुवारी १९६२ ला ग्लेन यांनी पृथ्वीला तीन प्रदक्षिणा घातल्या. त्यांचे राखीव अंतराळवीर होते कारपेंटर. पुढचं उड्डाण डीक स्लेटन यांचं होतं, पण त्यांच्या हृदयाच्या ठोक्यात अनियमितता आढळली आणि मार्चमध्ये ते बाद झाले. स्लेटन यांचे राखीव होते शिरा, तरी निवड कारपेंटर यांची झाली, कारण ग्लेन यांच्याबरोबर त्यांची सगळी तयारी झालेली होती. घरात बातमी आली तेव्हा हातात दहा आठवडेसुद्धा नव्हते.

आधीच्या तिघींनी, म्हणजे लुईस शेपर्ड, बेटी ग्रिसम आणि अ‍ॅनी ग्लेन यांनी, नवऱ्याचं उड्डाण घरी टीव्हीवर पाहिलं होतं. रीनने ठरवलं की मुलांना घेऊन आपण फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हेरलला, उड्डाणाच्या जागी, जायचं आणि प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचं. पत्रकारांना सुगावा लागू द्यायचा नाही. समुद्रकाठच्या एका घरात ती चार मुलांसह राहिली, सोबत फक्त ‘लाइफ’ची माणसं. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या वेळचा लेख तिने स्वतः लिहिला. दुसऱ्या कोणी आपल्या नावाने ‘मी’ लिहावं हे तिला नको होतं.

२४ मे १९६२

सकाळी पावणेआठला ‘अरोरा ७’ उडालं. रीन आणि मुलांनी किनाऱ्यावरून पाहिलं. पुढचे जवळजवळ पाच तास तिच्या वाट्याला आले ते टीव्ही आणि फोन एवढेच.

वर कारपेंटर कामात बुडाले होते. त्यांच्याकडे प्रयोगांची लांबलचक यादी होती. यानाला छायाचित्रासाठी इकडे वळव, फुगा सोड, द्रव पदार्थाचं निरीक्षण कर. ग्लेन यांना खिडकीबाहेर काजव्यांसारखे चमकणारे कण दिसले होते आणि ते काय होतं हे कोणालाच सांगता आलं नव्हतं. कारपेंटर यांचा हात चुकून यानाच्या भिंतीवर आदळला आणि बाहेर कणांचा एक लोट उडाला. मग त्यांनी मुद्दाम ठोकून पाहिलं. ते यानाच्या अंगावर गोठलेलं हिम होतं. कोडं सुटलं, पण यान वळवण्यात इंधन भसाभस जात होतं.

आता परतीचं गणित. यान सेकंदाला सुमारे पावणेआठ किलोमीटर वेगाने जात असतं. ते खाली आणायचं तर पुढच्या दिशेला छोटी रॉकेटं पेटवून वेग जरासा कमी करायचा असतो. त्यासाठी यानाची दिशा बरोबर हवी, क्षण बरोबर हवा आणि रॉकेटांचा जोर पुरेसा हवा. त्या दिवशी तिन्ही चुकलं. क्षितिज ओळखून यानाची दिशा सांभाळणारं उपकरण बिघडलं होतं, त्यामुळे यान बाजूला पंचवीस अंश वळलेलं राहिलं आणि जोराचा काही भाग वाया गेला. या एका कारणाने यान सुमारे २८० किलोमीटर पुढे गेलं. रॉकेटं आपोआप पेटली नाहीत म्हणून कारपेंटर यांनी हाताने बटण दाबलं, त्यात तीन सेकंद गेले. तीन सेकंद म्हणजे आणखी पंचवीसेक किलोमीटर. रॉकेटांचा जोरही अपेक्षेपेक्षा कमी पडला, त्याचे आणखी शंभरेक. सगळं मिळून यान ठरलेल्या जागेच्या चारशे किलोमीटर पुढे जाऊन समुद्रात पडलं.

तिथे बोटीपर्यंत संपर्क पोचत नव्हता. नियंत्रण कक्षाला रडारवरून अंदाज होता, पण जनतेला काही कळत नव्हतं. सीबीएस या टीव्ही वाहिनीवर बातम्या देणारे वॉल्टर क्रॉन्काइट यांचा आवाज जड झाला. आपण अंतराळवीर गमावला असावा, ही शक्यता ते प्रेक्षकांसमोर ठेवत होते. साधारण चाळीस मिनिटं देश असा लटकलेला राहिला. मग विमानाला ते दिसले. यानातून बाहेर पडून रबरी तराफ्यात पाय पसरून बसलेले कारपेंटर अगदी निवांत होते.

ही चाळीस मिनिटं या विषयाचा गाभा आहेत असं मला वाटतं. क्रॉन्काइट यांच्यासाठी ती बातमी होती, ‘लाइफ’साठी तो पुढच्या अंकाचा मजकूर होता, त्यांचा छायाचित्रकार तिथे होताच. आणि रीनसाठी तो तिचा नवरा होता, बाजूला चार मुलं होती आणि त्याच वेळी लेख तिला स्वतःलाच लिहायचा होता. आपण जगतोय ते टिपूनही ठेवायचं, ही पत्रकाराची सवय असते. तिला ती शिकायला मिळाली तो दिवस असा होता. स्कॉट सापडल्यावर तिने पत्रकारांना तोंड दिलं, तेव्हा त्यांना छापील तीन शब्दांपलीकडे बोलणारी बाई भेटली. केनेडींच्या व्हाइट हाउसमध्ये कारपेंटर कुटुंबाचं स्वागत झालं ते जूनच्या सुरुवातीला, आणि रीनचं नाव तोवर नवऱ्याइतकंच चर्चेत होतं.

समुद्र आणि स्तंभ

नासाच्या आत मात्र कारपेंटर यांच्यावर ठपका होता. उड्डाण संचालक ख्रिस क्राफ्ट यांचं मत ठाम होतं की या माणसाने लक्ष दिलं नाही, इंधन उधळलं, आणि पुढे आत्मचरित्रातही त्यांनी ते कडक शब्दांत लिहिलं. दुसरी बाजू अशी की उपकरण नादुरुस्त होतं आणि प्रयोगांची यादी नासानेच भरगच्च केली होती. बिघडलेल्या यंत्रानिशी हाताने यान खाली आणणं हे कौशल्यच आहे, असं मी म्हणेन. पण निकाल लागून गेला होता. कारपेंटर पुन्हा अंतराळात गेले नाहीत. १९६४ मध्ये बर्म्युडात मोटारसायकलच्या अपघातात हाताला कायमची इजा झाली आणि उरलीसुरली शक्यताही संपली.

ते समुद्राकडे वळले. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होयाजवळ, पाण्याखाली ६२ मीटरवर, नौदलाच्या ‘सीलॅब २’ या समुद्रतळावरच्या प्रयोगशाळेत ते तीस दिवस राहिले. एवढ्या खोलीवर श्वासाला हेलियम मिसळलेली हवा लागते, आणि हेलियममध्ये आवाज बारीक, चिरका होतो. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी अभिनंदनाचा फोन केला तेव्हा पलीकडून आलेलं बोलणं त्यांना समजलं की नाही कोण जाणे. त्या संभाषणाची ध्वनिफीत आजही ऐकायला मिळते.

नवरा समुद्राच्या तळाशी गेला, त्याच सुमाराला बायको वर्तमानपत्रात गेली. ह्यूस्टनजवळच्या टिंबर कोव्ह वसाहतीत कारपेंटर, ग्लेन, ग्रिसम आणि शिरा ही कुटुंबं शेजारी राहत होती. तिथूनच रीनचं स्तंभलेखन सुरू झालं. ‘अ वूमन, स्टिल’ नावाचा तिचा स्तंभ देशातल्या वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत येऊ लागला. या वेळी चाळण्या नव्हत्या. ना नासाचा अधिकारी, ना ‘लाइफ’चा लेखक. मजकूर तिचा आणि जबाबदारीही तिची.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. टिंबर कोव्हसारख्या वसाहतीत अलिखित नियम होता की बायकोने बोललेल्या एका वाक्याने नवऱ्याचं पुढचं उड्डाण जाऊ शकतं. कोणत्या अंतराळवीराचं नाव कुठल्या मोहिमेत घालायचं हे ठरवणारे लोक शेजारीपाजारीच असायचे. मार्च १९६६ मध्ये नील आर्मस्ट्राँग ज्यात होते ते ‘जेमिनी ८’ यान कक्षेत गरगर फिरू लागलं, तेव्हा घरोघरी यानाचा संवाद ऐकवणारा जो छोटा ध्वनिक्षेपक नासाने बसवला होता तो त्यांच्या पत्नी जॅनेट यांच्या घरी बंद करण्यात आला. त्या गाडी घेऊन थेट नासाच्या केंद्रावर गेल्या, तर त्यांना दारातच अडवलं. बायकांना काय ऐकू द्यायचं इथपासून काय बोलू द्यायचं इथपर्यंत सगळं वरून ठरत होतं. कारपेंटर यांचं उड्डाण संपलं होतं म्हणून रीनला गमावण्यासारखं कमी होतं हे खरं. तरी लिहायचं ठरवणं हे तिचं धाडसच.

स्कॉट १९६७ मध्ये नासातून बाहेर पडले आणि नौदलाच्या सागरी कामात रमले. रीन मुलांना घेऊन वॉशिंग्टनकडे आली. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडींच्या राष्ट्राध्यक्षपदासाठीच्या प्रचारात ती होती. दोघांचं जगणं आता दोन दिशांना होतं. या लग्नाच्या तुटण्याला एक कारण चिकटवणं मला पटत नाही. वर्षातले कितीतरी महिने घराबाहेर असलेला माणूस, जाहीर अपयशाचा शिक्का, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर स्वतःचा आवाज सापडलेली बाई, हे सगळं त्या घरात एकाच वेळी होतं. अंतराळवीरांच्या घरात घटस्फोट हा शब्द कित्येक वर्षं निषिद्ध होता. १९६९ मध्ये ‘अपोलो ७’ चे अंतराळवीर डॉन आयझल यांचा घटस्फोट झाला तेव्हा कुठे तो दरवाजा उघडला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये चंद्रमोहिमेवरून परतलेले आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स जगाच्या दौऱ्यात मुंबईला आले तेही सपत्नीक. तिन्ही जोडपी गाडीतून हात हलवत होती. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांचे ते संसारही पुढे टिकले नाहीत.

कारपेंटर यांचा घटस्फोट १९७२ मध्ये झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ‘अपोलो १७’ चंद्रावरून परतलं, आणि त्याच महिन्यात साप्ताहिक ‘लाइफ’ बंद पडलं. टीव्हीने त्याच्या जाहिराती खाल्ल्या होत्या आणि टपालखर्च परवडेना.

रीन तोवर त्याच टीव्हीवर पोचली होती. वॉशिंग्टनच्या डब्ल्यूटीओपी वाहिनीवर ‘एव्हरीवूमन’ हा कार्यक्रम ती चालवायची. स्त्रियांचे हक्क, आरोग्य, गर्भनिरोधक असे विषय, जे दिवाणखान्यात उच्चारायलाही लोक कचरायचे, ते ती कॅमेऱ्यासमोर सरळ मांडायची. पूर्वी मुलाखत घेणाऱ्या ज्या बाईची ती नक्कल करायची, त्या बाईच्या खुर्चीत आता ती स्वतः बसली होती, आणि समोरच्या बाईकडून तिला अभिमान-आनंदाची घोटलेली उत्तरं नको होती. १९७७ मध्ये तिने पुन्हा लग्न केलं. स्कॉट कारपेंटर यांनी आपलं आत्मचरित्र मुलीच्या साथीने लिहिलं, ते २००२ मध्ये आलं. त्यात ‘अरोरा ७’ च्या उड्डाणाचा पूर्ण हिशेब आहे, उपकरणाच्या बिघाडासकट. २०१३ मध्ये ते वारले.

अ‍ॅनी ग्लेन मे २०२० मध्ये गेल्या. दोन महिन्यांनी, २४ जुलैला, रीन डेन्व्हरमध्ये गेली, वयाच्या ९२ व्या वर्षी. १९५९ च्या त्या मुखपृष्ठावरच्या सात जणींतली ती शेवटची. पुढच्या दिवसांत वर्तमानपत्रांत आलेल्या मृत्युलेखांमध्ये अंतराळवीराची पूर्वीची पत्नी या ओळखीबरोबरच स्तंभलेखिका आणि टीव्हीवरची सूत्रधार ही तिची स्वतःची ओळखही छापलेली होती.